नव्याण्णव टक्क्यांचे पत्रक आणि अकलोलीचे कुंड

भिवंडी तालुक्यात अकलोलीपासून थोड्या अंतरावर असलेल्या एका निवासी शाळेने गेल्या हिवाळ्यात आमच्याकडे एक छापील पत्रक पाठवले. कागद गुळगुळीत, मध्ये निळ्या रंगाची उभी टाकी, तिच्याभोवती हिरवी पाने आणि खाली ठळक अक्षरांत चार गोष्टी: हा विद्युत बॉयलर ९९ टक्के कार्यक्षम आहे, त्यातून धूर निघत नाही, युरोपातील इमारती अशाच बॉयलरवर उबदार ठेवल्या जातात, देखभाल जवळजवळ शून्य. क्षमता २४ किलोवॅट. सोबत शाळेच्या चिटणिसांची चिठ्ठी होती. एका देणगीदाराने मुलांच्या गरम पाण्यासाठी रक्कम देऊ केली आहे, आपण शास्त्रज्ञ आहात, तेव्हा पत्रकात लिहिले आहे ते बरोबर आहे का एवढेच कळवावे.

आम्ही पत्रक तीनदा वाचले. त्यात धडधडीत खोटे असे एकही वाक्य नाही. त्यावर सविस्तर लिहावेसे वाटले ते याच कारणाने. खोट्या जाहिरातीला उत्तर देणे सोपे असते. खऱ्या वाक्यांनी चुकीचा समज करून देणाऱ्या जाहिरातीला उत्तर द्यायचे तर थोडे भौतिकशास्त्र पुन्हा उघडावे लागते, आणि ते उघडले की आपण शाळेत 'कार्यक्षमता' हा धडा कसा शिकवतो यावरही बोलावे लागते.

प्रथम शाळेची सध्याची स्थिती सांगतो. वसतिगृहात १२० मुले आहेत. स्वयंपाकघरामागे तीन दगडांवर मोठे पातेले ठेवून लाकडावर पाणी तापवतात. पहाटे साडेचारपासून स्वयंपाकाच्या मावशी धुरात उभ्या असतात. पाणी पुरत नाही म्हणून ते लहान मुलांना मिळते. सातवीच्या पुढच्यांनी थंड पाण्याने उरकायचे असा अलिखित नियम आहे. डिसेंबर-जानेवारीत तानसा नदीच्या खोऱ्यात पहाटे चांगलीच थंडी असते. त्या मावशींना कुणी विचारले असते तर त्यांनी पत्रकावर डोळे मिटून सही केली असती, आणि आम्हांला त्यात काही गैर वाटले नसते.

आता थोडे गणित करू. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला ते सहज करता येते. प्रत्येक मुलाला ४० अंश सेल्सिअसचे १५ लिटर पाणी द्यायचे, म्हणजे एकूण १,८०० लिटर. हिवाळ्यात टाकीतले पाणी पहाटे सुमारे २० अंशांवर असते असे धरू. एक लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवायला ४.२ किलोज्यूल लागतात. १,८०० गुणिले ४.२ गुणिले २०, म्हणजे १,५१,२०० किलोज्यूल. विजेच्या एका युनिटमध्ये ३,६०० किलोज्यूल असतात, म्हणून रोजची गरज ४२ युनिटे. एका मुलाला एका आंघोळीसाठी साधारण एक तृतीयांश युनिट.

बॉयलर ही ४२ युनिटे घेईल आणि त्यांतली जवळजवळ सर्व पाण्यात उतरवील. त्याच्या पोटात धातूच्या नळीत बसवलेली तापणारी तार असते. तार आणि नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड दाबून भरलेली असते. ही पूड विजेला अडवते पण उष्णतेला वाट देते. नळी चहूबाजूंनी पाण्यात बुडलेली असल्याने उष्णतेला दुसरीकडे जायला जागाच नसते. धुरांडे नाही, म्हणून धुराबरोबर उष्णता जात नाही. टाकीच्या भिंतीतून थोडी झिरपते तेवढीच. ९९ टक्के हा आकडा खरा आहे, आणि खरे तर त्यात यंत्र बनवणाऱ्याचे फारसे कौतुक नाही. दोनशे रुपयांना मिळणारी, बादलीत टाकायची कांडीही जवळजवळ तितकीच कार्यक्षम असते. विजेचे उष्णतेत रूपांतर करणे ही निसर्गातली सर्वांत सोपी गोष्ट आहे. ज्यूलने १८४१ मध्ये त्याचा नियम मांडला, आणि आज कोणतीही सदोष तारजोडणीसुद्धा तो नियम बिनचूक पाळते.

अवघड आहे ते उलट दिशेचे रूपांतर, आणि पत्रक त्याबद्दल एक अक्षर बोलत नाही. महाराष्ट्रातील विजेचा मोठा भाग अजूनही कोळसा जाळून येतो. दिवसा आता सौरवीजही बरीच मिळते, पण मुलांच्या आंघोळी पहाटे पाचला असतात आणि त्या वेळी सूर्य उगवलेला नसतो. औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण ३५ टक्क्यांची वीज होते. वाहिन्या, ट्रान्सफॉर्मर आणि वितरण यांत शंभरातली पंधरा युनिटे जातात असे धरले, तर शाळेच्या मीटरवर पोचते ती मूळ उष्णतेच्या ३० टक्क्यांहून किंचित कमी. मुलांच्या ४२ युनिटांसाठी केंद्रात सुमारे १४१ युनिटांइतकी उष्णता मोकळी करावी लागते. आपल्याकडील कोळशाच्या एका किलोतून १६ मेगाज्यूल उष्णता मिळते असे धरा. हिशेब रोज सुमारे ३२ किलो कोळशावर येतो, म्हणजे मुलामागे पाव किलोहून थोडा जास्त. या कोळशाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक राखच असते. 'धूर निघत नाही' याचा अर्थ शाळेत निघत नाही, इतकाच.

वाचकांपैकी कुणी म्हणेल की केंद्रातल्या अभियंत्यांनी अधिक काळजी घेतली तर ३५ चे ९९ होतील. तसे होणार नाही. सादी कार्नो या फ्रेंच अभियंत्याने १८२४ मध्ये दाखवून दिले की उष्णतेपासून किती काम मिळू शकते, याला एक मर्यादा आहे आणि ती फक्त दोन तापमानांवर ठरते: उष्णता कोणत्या तापमानाला मिळते आणि कोणत्या तापमानाला टाकून द्यावी लागते. केंद्रातली वाफ सुमारे ५४० अंशांची असते. ती थंड होते ४० अंशांच्या आसपास. केल्विन मापनात हे ८१३ आणि ३१३. मर्यादा निघते ६१ टक्के, तीही घर्षण, गळती आणि घाई नसलेल्या आदर्श यंत्रासाठी. बाकीची उष्णता टाकून द्यावीच लागते. नाशिकजवळ एकलहऱ्याला शीतकरणाचे मोठे मनोरे आहेत, त्यांच्या तोंडातून निघणारी पांढरी वाफ मुलांना धूर वाटते. ती प्रत्यक्षात हीच टाकून दिलेली उष्णता.

येथे वाचकांनी क्षणभर थांबावे. केंद्रातील थंडाव्याचे पाणी बाहेर पडते ते साधारण ४० अंशांना, आणि मुलांना आंघोळीला हवे आहे तेही ४० अंशांचेच पाणी. म्हणजे आपण कोळसा जाळून आंघोळीच्या तापमानाची भरपूर उष्णता तयार करतो, ती हवेत सोडून देतो, उरलेल्या मौल्यवान तिसऱ्या हिश्श्याची वीज करतो, ती तारांवरून शंभर-दोनशे किलोमीटर आणतो, आणि तिच्यापासून पुन्हा आंघोळीच्या तापमानाची उष्णता करतो. पाचशेची नोट देऊन पाच रुपयांचा चहा घ्यावा आणि उरलेले पैसे मागू नयेत, तसा हा व्यवहार आहे. चहा पूर्ण मिळाला, कपात थेंबही सांडला नाही, कार्यक्षमता ९९ टक्के!

पत्रक मिळाल्यानंतर आम्ही शाळेत गेलो, त्या दिवशी सकाळी अकलोलीलाही गेलो होतो. ज्यांनी ते पाहिले नाही त्यांच्यासाठी: तानसेच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली आणि गणेशपुरी ही गावे एकमेकांच्या जवळ आहेत आणि नदीकाठाने व पात्रातही गरम पाण्याचे झरे आहेत. कोकणात असे झरे उत्तरेस पालघरमधल्या कोकनेरपासून दक्षिणेस राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत एका पट्ट्यात पसरले आहेत. सातिवली, उन्हेरे, उन्हवरे, आरवली, तुरळ ही त्यांतली काही नावे. अकलोलीत त्यांना दगडी कुंडांत बांधले आहे. मुख्य कुंडांचे पाणी पन्नास अंशांच्या आसपास असते. पाय घातला तर पहिल्यांदा झटकन काढून घ्यावासा वाटतो. भाविक येतात, संधिवाताचे रुग्ण येतात, ट्रकचालक येतात. थंडीच्या सकाळी कुंडांवर वाफेचा पातळ पदर असतो.

पाणी का तापते, याविषयी दैत्यांच्या रक्ताची कथा तेथे सांगतात. तिच्याशी आमचे भांडण नाही. कथा ही कथा म्हणूनच सांगितली जाते. आमचे भांडण आहे ते विज्ञानाच्या नावाने वर्गात सांगितल्या जाणाऱ्या दोन कथांशी. एक म्हणजे 'गंधकामुळे पाणी गरम होते'. गंधक पाण्यात नुसते असून पाणी तापत नाही. आणि कोकणातील या पाण्यांत मुख्यत्वे क्लोराइडचे क्षार आहेत. दुसरी म्हणजे 'खाली ज्वालामुखी आहे'. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसाचा आहे हे खरे, पण तो सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. त्याची धग केव्हाच विझली. साधे स्पष्टीकरण असे की पावसाचे पाणी खडकातील खोल भेगांतून खाली जाते. जमिनीत एक किलोमीटर खाली गेले की तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढते. किलोमीटर-दीड किलोमीटर खोल जाऊन तापलेले पाणी दुसऱ्या भेगेने लवकर वर आले, की अकलोली.

हा झरा आम्ही मध्ये आणला तो केवळ शेजारी आहे म्हणून नव्हे. पत्रकाची खरी परीक्षा येथे होते. समजा, कुंडातून दर सेकंदाला एक लिटर पाणी ५० अंशांना वाहते आहे (नेमका प्रवाह बादली आणि घड्याळ घेऊन मोजण्याचे काम आम्ही त्या शाळेतील मुलांवर सोपवले आहे). भोवतालचे तापमान २५ धरले तर त्या धारेबरोबर १०५ किलोवॅट उष्णता येते. पत्रकातल्या चार बॉयलरांइतकी. मात्र याच उष्णतेची वीज करायची म्हटली तर कार्नोची मर्यादा आडवी येते: २५ भागिले ३२३, म्हणजे आठ टक्क्यांच्याही आत. प्रत्यक्षात त्याच्या निम्मीही हाती लागणे कठीण. वर्तमानपत्रांत अधूनमधून कोकणच्या झऱ्यांवर वीजनिर्मितीच्या बातम्या येतात, तेव्हा हा भागाकार करून पाहावा. कुंडातले पाणी विजेसाठी जवळजवळ निरुपयोगी आणि आंघोळीसाठी अगदी योग्य. विजेचे बरोबर उलट: ती पंप चालवील, दिवा लावील, संगणक चालवील, वेल्डिंग करील, तिला पाणी कोमट करायला लावणे म्हणजे तिच्या गुणांचा अपमान आहे. उष्णता किती, हा एक प्रश्न. ती कोणत्या दर्जाची, हा दुसरा. आपल्या पाठ्यपुस्तकी उदाहरणांत पहिला प्रश्न सोडवून घेतात: '२ किलोवॅटचा गीझर २५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर किती वेळात नेईल?' उत्तर साधारण ३१ मिनिटे, गुण तीन. दुसरा प्रश्न आम्ही तरी कुठे विचारलेला पाहिला नाही.

गीझर या शब्दाचीही गंमत आहे. आइसलँडमध्ये गेइसिर नावाचा उसळणारा उष्ण झरा आहे. तेथील भाषेत त्या शब्दाचा अर्थच उसळणारा. लंडनच्या बेंजामिन मॉन याने १८६८ मध्ये गॅसवर स्नानाचे पाणी तापवणारे यंत्र काढले आणि त्याला ते नाव दिले. झऱ्याचे नाव यंत्राला मिळाले, आणि आता अकलोलीच्या झऱ्याशेजारच्या खोल्यांत विजेचे गीझर बसले आहेत.

याच आइसलँडमुळे पत्रकातल्या तिसऱ्या वाक्याकडे येता येते: 'युरोपातील इमारती अशाच बॉयलरवर उबदार ठेवल्या जातात.' युरोप एक नाही. नॉर्वेत विजेने घरे तापवतात, कारण तेथील वीज जवळजवळ सगळी धबधब्यांची आणि धरणांची. तिच्यामागे कोळशाचा ढीग नाही. फ्रान्समध्ये १९७० च्या दशकानंतर अणुवीज वाढली तसे विजेवर घर तापवणेही वाढले. डेन्मार्कमध्ये वीजकेंद्रात वाया जाणारी उष्णता नळांनी शहरभर फिरवतात (आमचे एकलहऱ्याचे मनोरे आठवावे), आणि वारा जोरात असून वीज जास्त झाली की मोठे विद्युत बॉयलर चालू करून ती उष्णतेच्या रूपाने टाक्यांत साठवतात. आइसलँडने तर बॉयलरच नको म्हटले. रेक्याविक शहरात १९३० मध्ये जवळच्या, धुणे धुण्याच्या उष्ण झऱ्यांपासून तीन किलोमीटर लांबीचा नळ टाकला गेला, आणि त्यावर प्रथम ज्या इमारती तापवल्या त्यांत एक प्राथमिक शाळा होती. आज त्या देशातील दहांपैकी नऊ घरे भूगर्भातील उष्णतेवर उबदार राहतात.

आणखी एक फरक आहे, तो अगदीच व्यवहारी, आणि 'देखभाल जवळजवळ शून्य' या चौथ्या वाक्याला तो सुरुंग लावतो. थंड देशांतील इमारतीत बॉयलरचे पाणी बंद वर्तुळात फिरते. बॉयलरमध्ये तापते, खोल्यांतील लोखंडी पट्ट्यांतून जाते, उष्णता देऊन परत येते. तेच पाणी वर्षानुवर्षे. त्यात क्षार असतील ते एकदाच बसतात. आपल्या वसतिगृहात मात्र पाणी परत येत नाही, मोरीतून जाते. रोज १,८०० लिटर नवे पाणी बॉयलरमध्ये शिरणार. समजा, ते कूपनलिकेचे आहे आणि लिटरला ३०० मिलिग्रॅम कठीण क्षार त्यात आहेत. म्हणजे रोज अर्ध्या किलोहून अधिक क्षार टाकीतून जातात, आणि कॅल्शियम कार्बोनेटची विद्राव्यता तापमानाबरोबर कमी होत असल्याने त्यांतला काही भाग नेमका तापलेल्या नळीवरच पुटाच्या रूपाने बसतो. पूट उष्णता अडवते, आतली तार जास्त तापते, एक दिवस जळते. चहाच्या पातेल्याच्या बुडाशी बसणारा पांढरा थर मुलांना दाखवावा आणि मग हे वाक्य पुन्हा वाचायला द्यावे. एका देशातील बंद वर्तुळाचा अनुभव दुसऱ्या देशातील मोरीला लावणे, ही या पत्रकाची सर्वांत मोठी चूक आहे असे आम्ही मानतो. ९९ टक्क्यांपेक्षाही मोठी.

पत्रकात न लिहिलेली एक गोष्ट चिटणिसांना आम्ही तोंडी सांगितली. २४ किलोवॅट म्हणजे तीन फेजांवर प्रत्येकी सुमारे ३३ अँपिअर. गावचा नळपाणी योजनेचा पंप पहाटेच चालतो. दोन्ही एकाच ट्रान्सफॉर्मरवर आले तर कोण बंद पडेल याचा अंदाज गावातल्या कुणालाही करता येईल.

इतके लिहिल्यावर न्यायबुद्धीने दुसरी बाजूही लिहायला हवी. तीन दगडांची चूल लाकडातल्या उष्णतेपैकी १० ते १५ टक्केच पातेल्याला देते. १५ टक्के धरले तरी १,८०० लिटर पाण्यासाठी रोज सुमारे ६७ किलो लाकूड जाळावे लागेल. तितके मिळत नाही, म्हणूनच मोठी मुले थंड पाण्याने आंघोळ करतात. म्हणजे ३२ किलो कोळशाचा विद्युत बॉयलर चुलीपेक्षा सरसच आहे. शिवाय मावशींच्या फुप्फुसांत जाणारा धूर जाईल आणि सुट्टीच्या दिवशी लाकडे आणायला जाणारी मुले खेळतील. आमच्या लहानपणी घरोघरी तांब्याचा बंब असे. मधल्या नळीत गोवऱ्या आणि लाकडाच्या ढलप्या, भोवती पाणी. वरून तांब्याभर थंड पाणी ओतावे आणि तोटीतून गरम घ्यावे. उघड्या चुलीपेक्षा तो पुष्कळ शहाणा होता, पण १२० मुलांना तो पुरणार नाही आणि बंबाच्या आठवणींवर वसतिगृह चालत नाही.

शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांचे म्हणणे वेगळे होते. 'कुंड दीड किलोमीटरवर आहे. नळ टाका. रेक्याविकने टाकला तसा.' त्यांनी फळ्यावर हिशेबही केला: ५० अंशांचे १,२०० लिटर आणि २० अंशांचे ६०० लिटर एकत्र केले की ४० अंशांचे १,८०० लिटर. हिशेब बिनचूक, आणि सूचना मनाला भुरळ घालणारी. तरी आम्ही ती उचलून धरली नाही. क्लोराइडचे गरम पाणी लोखंडी नळ खाते. दीड किलोमीटरचा वेष्टन घातलेला नळ टाकणे आणि राखणे शाळेच्या आवाक्याबाहेर आहे. पण मुख्य कारण निराळे. ती कुंडे गावाची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची आहेत. उपसा केल्यावर झरा किती टिकतो हे अनेक ऋतू मोजल्याशिवाय कळत नाही, आणि ज्या दिवशी कुंड कोमट होईल त्या दिवशी गाव शाळेला विचारील. शास्त्रज्ञाने सुचवलेला प्रयोग फसला तर शास्त्रज्ञ मुंबईला परततो. शाळा तेथेच राहते.

मग राहिले दोन मार्ग. पहिला उष्णता पंप. फ्रीजच्या मागची जाळी हाताला गरम लागते, ती आतल्या भाज्यांतून काढलेली उष्णता. तेच यंत्र बाहेरच्या हवेतून उष्णता काढून पाण्यात टाकू शकते. विल्यम टॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, यांनी १८५२ मध्येच इमारती तापवण्यासाठी अशी युक्ती सुचवली होती. एक युनिट वीज घेऊन आजचा चांगला पंप तीन युनिटे उष्णता पाण्यात उतरवतो. ४२ च्या जागी १४ युनिटांत काम, आणि कोळसा साडेदहा किलोंच्या आसपास. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम यात कुठेही मोडत नाही. दोन युनिटे हवेतून आली. हे यंत्र आम्हांला फार आवडते. पण त्यात फ्रीजसारखाच दाबयंत्राचा भाग आहे, आणि तो बिघडला तर दुरुस्त करणारा माणूस भिवंडीहून कधी येईल, याचे उत्तर कुणाकडे नव्हते.

दुसरा मार्ग छपरावर. दोन चौरस मीटरच्या सपाट सौर संग्राहकातून चांगल्या उन्हाच्या दिवशी साधारण १०० लिटर पाणी ६० अंशांवर मिळते. ६० अंशांचे ९०० लिटर आणि २० अंशांचे ९०० लिटर मिळून हवे ते १,८०० लिटर होतात, म्हणजे संग्राहक १८ चौरस मीटर. एका वर्गखोलीच्या छपराचा निम्माही भाग नाही. दिवसा तापलेले पाणी जाड वेष्टनाच्या टाकीत पहाटेपर्यंत गरम राहते. साठवण ६० अंशांवर ठेवण्याला आरोग्याचेही कारण आहे: १९७६ च्या फिलाडेल्फियातील साथीनंतर ओळखला गेलेला लेजिओनेला जीवाणू कोमट साठ्यात वाढतो, ६० अंशांवर मरतो. मात्र ते पाणी अंगावर घेतले तर काही सेकंदांत भाजते, म्हणून मुलांच्या तोट्यांपर्यंत ते मिसळूनच न्यायला हवे.

पण कोकणात जून ते सप्टेंबर ऊन मिळत नाही, हे सौरवाल्यांच्या पत्रकांत आम्ही अजून छापलेले पाहिलेले नाही. पावसाळ्यात मूळ पाणी २६ अंशांच्या आसपास असते, म्हणून गरज ३० युनिटांपर्यंत उतरते, पण ती शून्य होत नाही. त्यासाठी टाकीतच ६ किलोवॅटची विजेची कॉइल बसवावी आणि ती दुपारी पाच तास चालवावी, असे आम्ही लिहिले. पंप बंद असतो तेव्हा, आणि वाहिन्यांत दिवसाची वीज असते तेव्हा. म्हणजे ज्या विद्युत बॉयलरवर आम्ही एवढी टीका केली, तोच चौथ्या हिश्श्याएवढा लहान होऊन, वर्षाचे चार महिने, मदतनीस म्हणून आमच्या योजनेत परत आला. त्याची जागा तेवढीच आहे.

शिक्षकांना एक सुचवणे आहे. नव्या वीजमीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी 'एका युनिटला इतक्या लुकलुकी' असा आकडा छापलेला असतो. घरातील इतर सर्व उपकरणे बंद करून बादलीत कांडी लावावी, लुकलुकी मोजाव्यात, आधीचे व नंतरचे तापमान घ्यावे (पाणी ढवळून, आणि कांडीचा प्लग काढल्याशिवाय हात घालू न देता). उघड्या बादलीतही ९० टक्क्यांच्या वर उत्तर येते. मग त्याच वहीत खाली कोळशाचा हिशेब करायला सांगावा. घरच्या गीझरवरील ताऱ्यांचाही अर्थ मुलांना समजावून द्यावा: बंद टाकीतून चोवीस तासांत किती उष्णता झिरपते, एवढेच ते तारे मोजतात. पाच ताऱ्यांचा गीझर म्हणजे चांगला थर्मास. वीज कुठून आली हे ताऱ्यांना ठाऊक नसते.

आमचे पत्र शाळेला पोचल्यावर चिटणिसांचा फोन आला. देणगीदारांसाठी तुलनेचा तक्ता करायचा आहे, त्यात 'कार्यक्षमता' असा रकाना आहे. सौर यंत्रासमोर काय लिहू? खरे उत्तर साधारण ५० टक्के असे आहे, कारण संग्राहकावर पडणाऱ्या उन्हातले निम्मेच पाण्यात उतरते. रकान्यात बॉयलर ९९, उष्णता पंप ३००, सौर यंत्र ५० आणि चूल १५ असे आकडे एकाखाली एक आले असते, आणि देणगीदारांनी काय निवडले असते हे सांगायला नको. आम्ही त्यांना तो रकाना खोडून 'रोज जळणारे इंधन, किलो' असा करायला सांगितला: बॉयलर ३२ किलो कोळसा, उष्णता पंप साडेदहा किलो कोळसा, चूल ६७ किलो लाकूड, सौर यंत्र उन्हाचे आठ महिने शून्य, पावसाळ्यात वेगळा आकडा. त्यांनी तक्ता तसा बदलून पाठवला आहे. बैठक अजून व्हायची आहे. मुलांनी कुंडाचा प्रवाह मोजायला सुरुवात केली आहे, पण पहिल्या रविवारी बादली भरण्याआधी सगळेच कुंडात उतरले, त्यामुळे आकडे पुढच्या रविवारी.